बनाना ब्रेड : आहारविधीच्या आठ कसोट्यांवर

आहारासंबंधी रुग्ण जे प्रश्न विचारतात, त्यांत गेल्या काही वर्षांत एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. ‘डॉक्टर, बनाना ब्रेड चालेल ना? मैदा नाही, साखर नाही. नुसती कणीक, गूळ आणि केळी.’ विचारणारी व्यक्ती बहुधा मधुमेही असते, स्थौल्याने त्रस्त असते, किंवा आपल्या लहान मुलाच्या डब्याची काळजी वाहणारी माता असते. प्रश्नाच्या स्वरातच ‘हो’ हे उत्तर गृहीत धरलेले असते. आपल्यापैकी काही जण ‘केळे कफकर, सोडा वाईट, हे परदेशी खाणे सोडून द्या’ असे सांगून मोकळे होतात. काही जण ‘घरचे आहे, नैसर्गिक आहे, खुशाल खा’ असे म्हणतात. ही दोन्ही उत्तरे शास्त्राच्या आधारावाचून दिलेली आहेत, असे आम्हांस वाटते.

कोणत्याही नव्या पदार्थाची परीक्षा कशी करावी, हे चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या पहिल्याच अध्यायात सांगून ठेवले आहे. प्रकृती, करण, संयोग, राशी, देश, काल, उपयोगसंस्था आणि उपयोक्ता ही ती आठ आहारविधिविशेषायतने होत. पदार्थ ग्रंथात नाही म्हणून वैद्याने गप्प बसावे, असे नाही. या आठ कसोट्या त्यासाठीच आहेत. सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर, आपल्या घरांत आणि आपल्याच रुग्णांच्या स्वयंपाकघरांत रुजू पाहणाऱ्या या पदार्थाला त्या लावून पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

पदार्थ नवा, रीत जुनी

बनाना ब्रेड हा नावाने ब्रेड असला तरी यीस्टवर फुगविलेला पाव नव्हे. अतिपक्व केळ्यांचा गर, पीठ, गोडवा आणि स्नेह एकत्र करून, सोडा किंवा बेकिंग पावडर यांच्या साहाय्याने फुगवून भट्टीत भाजलेला तो एक ओलसर केकच होय. १९३० च्या दशकात अमेरिकेतील पाककृतींच्या पुस्तकांतून तो सर्वत्र पसरला. खायचा सोडा व बेकिंग पावडर घरोघरी पोहोचली होती आणि मंदीच्या त्या काळात काळी पडू लागलेली केळी फेकणे कोणत्याच गृहिणीला परवडत नव्हते. २०२० च्या टाळेबंदीत जगभरातील घरांतून तो पुन्हा भाजला जाऊ लागला आणि त्याच लाटेत आपल्याकडील अनेक घरांतही शिरला.

सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला. तेव्हापासून तारकर्ली, देवबाग, वेंगुर्ला या भागांत पाहुण्यांना घरीच उतरवून न्याहारी देण्याचा व्यवसाय वाढत गेला आहे. अशा घरांच्या न्याहारीत घावणे आणि आंबोळीच्या शेजारी केळ्याचा केकही आता दिसू लागला आहे. परंतु ओलसर गोड पदार्थ वरून व खालून उष्णता देऊन भाजण्याची रीत मात्र कोकणाला मुळीच नवी नाही. आपले धोंडस आठवावे. तवसे किसून त्यात तांदळाचा रवा, गूळ व नारळ घालावयाचा, टोपाच्या तळाशी पान अंथरून मिश्रण ओतावयाचे, टोप मंद विस्तवावर ठेवून झाकणावर निखारे पसरावयाचे. त्या टोपाचे काम आज विजेचा ओव्हन करतो, एवढाच फरक. तेव्हा या पदार्थाकडे परका म्हणून पाहण्याचे कारण नाही. धोंडसाच्या जातीचा म्हणूनच त्याची परीक्षा करणे योग्य.

प्रकृती : घटक मुळात कसे आहेत

पक्व केळे मधुर, शीत, स्निग्ध, गुरू, बृंहण, वृष्य आणि कफकर, हे सर्वांना ज्ञात आहे. गहूही मधुर, शीत, स्निग्ध, गुरू आणि बृंहण. गूळ मधुर, गुरू व कफवर्धक. त्यातही नवा गूळ अधिक. तूप किंवा खोबरेल हे स्नेह. म्हणजे या पदार्थातील चारही प्रमुख घटक एकाच दिशेने जाणारे आहेत. विरुद्ध दिशेला खेचणारे, लघू, रूक्ष वा दीपन असे द्रव्य मूळ कृतीत जवळजवळ नाहीच. चिमूटभर दालचिनी असते, ती सुवासापुरती.

यावरून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. लोकांना या केकमध्ये जो ओलसरपणा आवडतो, तो म्हणजे गुरू-स्निग्ध गुणांचेच जिभेला जाणवणारे रूप आहे. कोरडा केक पचायला हलका आणि ओलसर केक जड, असा सरळ हिशेब नसला, तरी ओलसरपणा ज्या घटकांनी येतो ते गर, गूळ व स्नेह हेच त्यातील जड घटक आहेत. म्हणून कृती सुधारताना ओलसरपणा राखून जडपणा कितपत कमी करता येईल, हा खरा प्रश्न आहे.

करण : संस्काराने काय साधते

संस्कार म्हणजे द्रव्यात नवे गुण आणणे. जल व अग्नी यांचा संपर्क, मंथन, काल, वासन, भाजन अर्थात पात्र, असे त्याचे प्रकार चरकांनी सांगितले आहेत. बनाना ब्रेड करताना यांतील जवळजवळ प्रत्येक संस्कार घडतो. आणि केक ओलसर होणे वा बिघडणे हे त्यांवरच अवलंबून असते.

काल. साल पिवळी असून तिच्यावर तपकिरी ठिपके दाट पडले आहेत, अशी केळी घ्यावीत. पिकताना केळ्यातील पिष्टाची साखर होते आणि गर मऊ पडतो. अर्धवट पिकलेले केळे कितीही कुस्करले तरी त्याचा केक कोरडा व बेचव होतो. शिवाय अपक्व केळे विष्टंभी व ग्राही असल्याने मलावष्टंभाच्या रुग्णास ते त्रासच देते. याउलट आंबूस वास येऊ लागलेली केळी वर्ज्य करावीत. सिंधुदुर्गात चतुर्थीनंतर घरोघरी माटवीची आणि नैवेद्याची केळी उरतात. ती या अवस्थेत आली की हा पदार्थ करण्याची ती योग्य वेळ समजावी. आपल्याकडील वेलची केळी लहान, दाट गराची व सुगंधी असल्याने यासाठी उत्तम. जळगावकडून येणारी मोठी केळी अधिक पाणीदार असतात. ती वापरल्यास द्रव पदार्थ थोडा कमी करावा.

मंथन. गर, गूळ व स्नेह एकत्र कितीही घोटले तरी हरकत नाही. परंतु पीठ घातल्यावर हात आवरावा. गव्हाच्या पिठात चिकटपणा निर्माण करणारा घटक आहे. ओले पीठ जितके घोटावे तितका तो ताणला जातो, आणि केक मऊ होण्याऐवजी रबरासारखा व भोकाभोकांचा होतो. कोरडे पीठ दिसेनासे झाले की थांबावे. पंधरा-वीस वेळा उलथणे पुरते.

भाजन. डब्याच्या तळाशी व कडेला विस्तवावर किंचित शेकून मऊ केलेले केळीचे पान लावावे. त्यामुळे केक चिकटत नाही, कडा कोरड्या पडत नाहीत आणि पानाचा सुवासही उतरतो. धोंडसाची ही युक्ती येथे जशीच्या तशी लागू पडते.

अग्नी. तीव्र आचेवर वरचा थर करपतो आणि मध्यभाग कच्चा राहतो. कच्चा राहिलेला पिठूळ मध्य हाच बहुतेकांच्या पोटफुगीचे कारण असतो, असा आमचा अनुभव आहे. त्याचा दोष मात्र केळ्यावर येतो.

शोधित कृती

आम्ही रुग्णांना जी कृती लिहून देतो ती पुढीलप्रमाणे. यात दूध, दही, ताक व मध यांपैकी काहीही नाही. त्याची कारणे पुढे दिली आहेत.

साहित्य : सोललेल्या अतिपक्व केळ्यांचा गर ३५० ग्रॅम (वेलची केळी साधारण ६ ते ७), कणीक १५० ग्रॅम, जवाचे पीठ ५० ग्रॅम, जुना किसलेला गूळ १०० ग्रॅम, पातळ केलेले साजूक तूप किंवा खोबरेल ८० ग्रॅम, नारळाचा दाट रस ६० मिलिलिटर, लिंबाचा रस १ मोठा चमचा, खायचा सोडा अर्धा चहाचा चमचा, सुंठ १ चहाचा चमचा, वेलचीपूड अर्धा चमचा, किंचित जायफळ, चिमूटभर सैंधव, काजूगराचे तुकडे ५० ग्रॅम.

कृती : गर काट्याने कुस्करावा, थोड्या गुठळ्या राहिल्या तर चालतील. त्यात गूळ घालून तो विरघळेपर्यंत दहा मिनिटे ठेवावा. मग स्नेह व नारळाचा रस घालून घोटावे. पिठे, सुंठ, वेलची, जायफळ, सैंधव व सोडा एकत्र दोनदा चाळून घ्यावीत. सोड्याची गुठळी राहिल्यास त्या घासाला साबणासारखी चव लागते. ओट्यावरची सर्व तयारी झाल्यावरच लिंबाचा रस ओल्या मिश्रणात घालावा, लगेच पीठ मिसळावे, काजूगर घालावेत आणि मिश्रण डब्यात ओतावे. सोडा व आंबट द्रव एकत्र आल्याबरोबर वायू सुटू लागतो. मिश्रण तसेच ठेवले तर तो उडून जातो आणि केक दडस होतो.

ओव्हन १७० अंश सेल्सिअसवर आधी तापवून घ्यावा आणि केक ५० ते ६० मिनिटे भाजावा. पाऊण तासानंतर वरचा रंग गडद होऊ लागल्यास केळीच्या पानाने झाकावे. ओव्हन नसल्यास जाड बुडाच्या पातेल्यात बोटभर जाडीचा मिठाचा किंवा स्वच्छ वाळूचा थर द्यावा, त्यावर तिवई ठेवून पातेले दहा मिनिटे तापवावे, डबा आत ठेवून वर घट्ट झाकण घालावे आणि मंद आचेवर भाजावे. यास थोडा अधिक वेळ लागतो. मध्यभागी खुपसलेली काडी ओल्या पिठाने माखून आली तर केक कच्चा; काडीला दोन-चार ओलसर कण लागून आले तर तो झाला. काडी अगदी कोरडी येईपर्यंत भाजत राहिल्यास ओलावा जातो. बाहेर काढल्यावर दहा-पंधरा मिनिटे डब्यातच ठेवून मग जाळीवर काढावा. पूर्ण निवल्याशिवाय कापू नये. आतील वाफ बाहेर पडली की उरलेला भाग कोरडा पडतो.

जवाच्या पिठाची योजना सहेतुक आहे. प्रमेहाच्या आहारात जवाला आचार्यांनी अग्रस्थान दिले आहे. शिवाय हे पीठ पाणी धरून ठेवते, म्हणून गूळ व स्नेह न वाढविताही केक ओलसर राहतो. कणकेतील कोंडाही पाणी शोषतो. त्यामुळे मैद्याच्या कृतीत नुसती कणीक वापरणाऱ्यांचा केक कोरडा होतो आणि मग ते तेल वाढवितात. त्याऐवजी नारळाचा रस दोन चमचे वाढविणे बरे.

संयोग : येथे वैद्याने थांबून पाहावे

प्रचलित कृतींत केकला मऊपणा यावा म्हणून दही किंवा ताक घालतात. दह्याच्या आंबटपणामुळे सोडा कार्यान्वित होतो, हे त्यामागील कारण. अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानात केळे दही वा ताकासह विरुद्ध सांगितले आहे. चरकांनी दुधाशी विरुद्ध असलेल्या फलांच्या यादीत मोचाचा समावेश केला आहे आणि मोच म्हणजे केळे असाच अर्थ बहुधा घेतला जातो. त्याच यादीत नारळही आहे. आमच्या कृतीत नारळाचा रस असला तरी प्राणिज दूध नसल्याने हा विरोध उद्भवत नाही, आणि सोड्याला लागणारा आंबटपणा लिंबाने भागतो.

यावर कोणी म्हणेल की, महाराष्ट्राने पिढ्यान् पिढ्या शिकरण खाल्ले आहे, मंगळुरापासून गोव्यापर्यंत केळे व दही घालून मळलेले बन्स न्याहारीला तळले जातात. मग विरोध कोठे गेला? या शंकेचे उत्तरही चरकांनीच देऊन ठेवले आहे. सात्म्य झालेले, अल्प मात्रेत घेतलेले, आणि दीप्ताग्नी, तरुण, स्निग्ध व व्यायामशील व्यक्तीने सेवन केलेले विरुद्धान्न फारसे बाधत नाही. होडी हाकणारा, माडावर चढणारा, दिवसभर शेतात राबणारा मनुष्य आणि बैठ्या नोकरीतून निवृत्त झालेला त्वचाविकाराचा रुग्ण यांना एकच नियम लावता येणार नाही. शीतपित्त, विचर्चिका, जुनाट प्रतिश्याय, अम्लपित्त या रुग्णांत मात्र हा संयोग आम्ही आग्रहाने टाळावयास सांगतो. हे रुग्ण केकात दूध घालत नाहीत. पण केक खातात तो दुधाच्या चहाबरोबर, ही गोष्ट प्रश्न विचारल्याशिवाय कळत नाही. आहारेतिहास घेताना ‘कशाबरोबर खाता?’ हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा.

मधाचा प्रश्न याहून गंभीर आहे. साखर ‘वाईट’ म्हणून तिच्या जागी मध घालून केक भाजण्याची प्रथा आरोग्यप्रेमी मंडळींत पसरली आहे. तापविलेल्या मधाचा निषेध आपल्या सर्व संहितांनी एकमुखाने केला आहे. औषधनिर्मिती करणाऱ्या आपल्या बांधवांना हे सांगावयास नको. च्यवनप्राशाचा पाक पूर्ण होऊन निवल्यावरच त्यात मध मिसळला जातो. जो नियम आपण कढईला लावतो तो ओव्हनलाही लागतो, एवढेच रुग्णाला सांगावयाचे आहे. आधुनिक दृष्टीनेही एक सूचना येथे जोडावी : एक वर्षाखालील बालकास मध कोणत्याही रूपात देऊ नये.

सोडा हा क्षार होय. पिप्पली, क्षार व लवण ही तीन द्रव्ये अतिमात्रेत सेवन करू नयेत, असे चरकांनी बजावले आहे. केक अधिक फुगावा म्हणून सोडा दुप्पट करणारे अनेक असतात. एका चहाच्या चमचाभर सोड्यात सुमारे १२५० मिलिग्रॅम सोडियम असते. उच्च रक्तदाब व शोथ असलेल्या रुग्णांना मीठ कमी करा असे सांगताना आपण ताटातल्या मिठाचाच विचार करतो. नानकटाई, केक, बिस्किटे यांतील क्षार मोजणीबाहेर राहतो. आमच्या कृतीत अर्धा चमचाच सोडा आहे, तो गराचा व लिंबाचा आंबटपणा मिळून पुरेसा ठरतो.

राशी : सारा वाद मात्रेचा

राशी दोन प्रकारची : सर्वग्रह म्हणजे एकूण आहाराची मात्रा आणि परिग्रह म्हणजे त्यातील प्रत्येक घटकाची मात्रा. वरील केकचे दहा काप केले तर एका कापात साधारण ३५ ग्रॅम गर, २० ग्रॅम पीठ, १० ग्रॅम गूळ, ८ ग्रॅम स्नेह आणि ५ ग्रॅम काजूगर येतो. त्यातून अंदाजे ३० ते ३३ ग्रॅम कर्बोदके आणि सुमारे २५० किलोकॅलरी मिळतात. २५ ग्रॅम कणकेच्या एका पोळीत साधारण १८ ग्रॅम कर्बोदके असतात. म्हणजे केकचा एक काप हा कर्बोदकांच्या दृष्टीने जवळजवळ दोन पोळ्यांइतका आहे आणि त्यातील मोठा भाग गूळ व केळे यांच्या साखरेचा आहे.

हा हिशेब कागदावर लिहून रुग्णापुढे ठेवला की त्याचा परिणाम दीर्घ उपदेशापेक्षा अधिक होतो. आमच्याकडे येणाऱ्या एका मधुमेही भगिनींची रक्तशर्करा बरीच वर्षे आटोक्यात होती, ती काही आठवड्यांत वाढली. औषध तेच, जेवण तेच. भात उलट कमी केलेला. खोलात शिरल्यावर कळले की, सकाळी दोन व सायंकाळी दोन असे बनाना ब्रेडचे चार काप त्या नियमाने घेत होत्या. तो त्यांच्या हिशेबात जेवण नव्हते, ‘पथ्याचे खाणे’ होते. चार काप म्हणजे जवळजवळ सात-आठ पोळ्यांची कर्बोदके. काप बंद केले, सायंकाळी फुटाणे व ताक ठेवले. पुढील तपासणीत आकडा उतरला. साखर व मैदा नाही या दोन नकारांनी पदार्थाला पथ्याची प्रतिष्ठा मिळते, आणि मात्रेचा विचार तेथेच संपतो. धोका तो हाच.

गुळाविषयी आपल्या व्यवसायातही एक मृदू भाव आहे. साखरेच्या तुलनेत गूळ कमी प्रक्रियेचा, हे खरे. परंतु चरकांनी प्रमेहाच्या हेतूंत दही, दूध, नवान्न यांच्याबरोबर गुळाच्या विकृतींची, म्हणजे गुळापासून केलेल्या पदार्थांची, स्पष्ट गणना केली आहे. दुसऱ्या बाजूने भावप्रकाशात पक्व केळ्याच्या गुणांत ‘मेहघ्न’ हे पद येते, आणि त्याचा आधार घेऊन मधुमेह्यांना केळ्याची मोकळीक देणारेही काही आढळतात. निघंटूतील गुणवचन हे त्या एकट्या द्रव्याविषयी आहे. गव्हाचे पीठ, गूळ व स्नेह यांच्याशी संयोग पावलेल्या, अग्निसंस्कार झालेल्या पदार्थाला ते लावणे हा तंत्रयुक्तीचा दुरुपयोग होय. शिवाय प्रमेहाचे वीस प्रकार असून सर्वांची संप्राप्ती एक नाही, हेही विसरता कामा नये.

मधुमेह्यास आम्ही हा पदार्थ सर्वथा वर्ज्य म्हणत नाही. रक्तशर्करा नियंत्रणात असेल तर गूळ ४० ग्रॅमवर आणून, जवाचे पीठ निम्मे करून केलेल्या केकचा अर्धा काप, आणि तोही एका पोळीच्या बदल्यात. पोळीच्या जोडीला नव्हे. चालू असलेले औषध आहारातील अशा बदलामुळे कमी-जास्त करू नये, हे सोबत सांगावेच. वृक्कविकाराच्या रुग्णास आणखी एक सावधगिरी : केळ्याच्या १०० ग्रॅम गरात सुमारे ३५८ मिलिग्रॅम पोटॅशियम असते आणि भाजल्याने ते नाहीसे होत नाही, गूळ व नारळ यांची त्यात भर पडते. पोटॅशियमचे पथ्य असलेल्यांनी हा केक टाळावा.

देश व काल : आनूप भूमीतील विचार

चरकांनी कल्पस्थानात आनूप देशाचे जे वर्णन केले आहे ते वाचताना मालवणचा किनारा डोळ्यांपुढे उभा राहतो : नारळ व केळी यांची दाट वने, नद्या आणि समुद्र यांचा शेजार, वात-कफाचे प्राबल्य. ज्या भूमीत केळे पिकते त्याच भूमीत कफाचा भारही अधिक, हा विचार लक्षणीय आहे. येथील रुग्णास गुरू-स्निग्ध-मधुर पदार्थ देताना देशावरील माणसापेक्षा हात आखडताच हवा. सुंठ, वेलची व जायफळ आमच्या कृतीत केवळ स्वादासाठी नाहीत.

काळाचेही तसेच. आपल्या जिल्ह्यात पावसाळ्यात सुमारे तीन हजार मिलिमीटर आणि त्याहूनही अधिक पाऊस पडतो. अग्नी मंद असतो. अशा दिवसांत केक अर्ध्या प्रमाणात करावा. हेमंतात अग्नी प्रबळ असताना कृश मुलांना, बाळंतपणातून सावरलेल्या अशक्त स्त्रीला, वजन घटलेल्या तरुणाला तोच केक बृंहण म्हणून उपयोगी पडतो. तेथे तो पथ्यच होय, आणि तसे मोकळेपणाने सांगावे.

ओलसर पदार्थ दमट हवेत लवकर खराब होतो. पावसाळ्यात बाहेर ठेवलेल्या केकवर तिसऱ्या दिवशी बुरशी दिसू शकते. दिसणारा भाग कापून उरलेला खाणे अयोग्य. निवलेला केक केळीच्या पानात गुंडाळून झाकणाच्या डब्यात ठेवावा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत संपवावा. फ्रिजमध्ये तो टिकतो, पण पिष्ट घट्ट होऊन कोरडा लागतो. खाण्यापूर्वी वाफेवर गरम केल्यास पुन्हा मऊ होतो. पर्युषित अन्नाचा विचार लक्षात घेता ताजा व थोडा करणे हेच श्रेयस्कर.

उपयोगसंस्था व उपयोक्ता

आधीचे अन्न जिरल्यावर, भूक लागली असता, शांतपणे खावे, हे नियम या पदार्थास विशेषच लागू आहेत. कारण तो भूक नसतानाही खाल्ला जातो. भरपेट जेवणावर गोड म्हणून तो घेऊ नये. सकाळच्या न्याहारीस स्वतंत्रपणे एक काप, सोबत सुंठ व गवती चहाचा दूधविरहित काढा, ही योजना आम्हांस रुचली आहे. रात्री तो टाळावा.

उपयोक्त्याचा विचार वैद्याचा स्वतःचा प्रांत. वातप्रकृतीचे, कृश, श्रमजीवी, दीप्ताग्नी यांना एक ते दोन काप. पित्तप्रकृतीस तुपावर केलेला, सुंठ अर्धी केलेला. कफप्रकृती, स्थौल्य, तमकश्वास, जुनाट प्रतिश्याय यांना क्वचित व अल्प. मुलांच्या डब्यात आठवड्यातून एक-दोनदा. त्या दिवशी डब्यात दुसरे गोड नको. हीच माहिती पथ्यपत्रकाच्या एका बाजूस छापून ठेवली तर प्रत्येक रुग्णाला नव्याने समजावण्याचे श्रम वाचतात.

औषधी विक्रेत्या बांधवांसाठी

घरगुती उत्पादकांकडून असे केक विक्रीस ठेवण्याचा आग्रह औषधी दुकानांना होऊ लागला आहे. बचत गटांतील भगिनींना त्यातून चार पैसे मिळत असतील तर ते स्वागतार्हच. परंतु आयुर्वेदीय दुकानाच्या फळीवर ठेवलेल्या खाद्यपदार्थाला ग्राहक औषधाची मान्यता देतो, हे भान हवे. २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्यानुसार उत्पादक नोंदणीकृत असावा; वेष्टनावर घटकांची यादी व उत्पादनाची तारीख असावी. ‘मधुमेहींसाठी गुणकारी’ यांसारखी चिठ्ठी चुकूनही लावू नये. औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा, १९५४ याच्या अनुसूचीत मधुमेहाचा समावेश आहे. तो बरा करण्याचा दावा करणारी जाहिरात हा गुन्हा ठरतो. कायद्याची भीती बाजूला ठेवली तरी, त्या एका चिठ्ठीवर विश्वास ठेवून रुग्ण दिवसाला चार काप खाऊ लागतो, हे वर पाहिलेच आहे.

मध मागणाऱ्या ग्राहकास ‘कशासाठी हवा?’ असे विचारण्याची सवयही ठेवावी. केकसाठी हवा असे उत्तर आले तर गुळाची ढेप पुढे करावी, आणि मध निवलेल्या पदार्थावर घ्यावयाचा असतो हे दोन शब्दांत सांगावे. काउंटरवर घडणारे हे आहारशिक्षण दवाखान्यातील शिक्षणाइतकेच मोलाचे आहे.

नवे पदार्थ येतच राहणार. उद्या ओट्सचा लाडू येईल, परवा आणखी काही. प्रत्येक वेळी रुग्ण आपल्यापुढे वाटी ठेवून ‘हे चालेल का?’ असे विचारील. ‘कुणाला, किती, कशाबरोबर आणि केव्हा?’ असा उलट प्रश्न जो वैद्य विचारतो, त्याच्याकडे तो रुग्ण पुढची वाटीही घेऊन येतो.